दुसरा रंग शारदाचा

नेहरू नगरातल्या त्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगून ठेवत असे की रस्त्यावरचा दिवा गेला, नळाला गढूळ पाणी आलं किंवा कचऱ्याची गाडी न थांबता निघून गेली, तर आपण जिवाला त्रास करून घेऊ नये. हिरव्या फाटकाच्या घरात देवपुजारी मॅडम राहतात, त्यांच्या कानावर घालावं. मग वासंती देवपुजारी संध्याकाळी टेबलाशी बसायची, 'महोदय' असं लिहायची आणि खाली मुद्दे क्रमवार मांडायची. तिच्या पत्रात खाडाखोड नसे, अपशब्द नसे आणि दयामायाही नसे. ज्याच्या नावे पत्र जाई तो माणूस दिवा लावून देई, पण पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकायला कचरत असे.

वासंती सत्तावन्न वर्षांची होती. मराठीत एम. ए. झालेली, महाराणा प्रताप नगरातल्या एका शासकीय कार्यालयात आस्थापना शाखेत तीस वर्षं इतरांच्या रजा, बढत्या आणि बदल्या लिहीत आलेली. तिचं लग्न झालं नव्हतं. ते का झालं नाही याची चार कारणं नातेवाइकांकडे तयार होती आणि चारही चुकीची होती. तिचे वडील गजाननराव छप्पन्न साली, मध्य प्रदेशाची राजधानी नागपुराहून भोपाळला हलली तेव्हा, फायलींच्या पेट्यांबरोबर इथे आले. दोन वर्षांत परत जाऊ असं ते म्हणत राहिले आणि भोपाळातच वारले. त्यामुळे नागपूरच्या लग्नकार्यांत देवपुजाऱ्यांच्या मुली 'भोपाळवाल्या' असत आणि भोपाळात त्याच 'नागपूरवाल्या'. वासंतीची ही फार जुनी तक्रार होती, आणि ती नेमकी कुणाच्या नावे लिहावी हे तिला आयुष्यभर समजलं नाही.

मुली दोन. वासंती थोरली, शारदा तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी. आई लीलावतीबाई विणकामात निष्णात. थंडी सुरू झाली की दुपारी गच्चीवर सतरंजी पडायची आणि तिघी उन्हाकडे पाठ करून बसायच्या. दोघी मुलींना एकाच वेळी शिकवायचं, भांडणं होऊ द्यायची नाहीत आणि दोघींपैकी एकही कंटाळता कामा नये, म्हणून लीलावतीबाईंनी एक पद्धत बसवली होती. घरात जे काही विणायचं ते पट्ट्यापट्ट्यांचं आणि दोन रंगांतच विणायचं. पहिला रंग वासंतीचा, दुसरा शारदाचा. एकीने आपला पट्टा संपवला की सुया तशाच दुसरीच्या मांडीवर. वासंतीचा हात घट्ट होता, शारदाचा सैल. एकाच स्वेटरमध्ये ते दोन हात जुळायचे नाहीत, म्हणून आईने वासंतीला जाड, आठ नंबरच्या सुया दिल्या होत्या आणि शारदाला बारीक, दहा नंबरच्या. टाके एका सुईवरून दुसरीवर घेताना शारदा दरवेळी म्हणायची, "ताई, तुझे टाके सोडवायला मला जन्म पुरायचा नाही." आणि वासंती म्हणायची, "तुझ्या टाक्यांतून मांजर जाईल."

शारदाचं लग्न झालं, ती नागपूरला गेली. त्या दिवसापासून वासंतीने दोन रंगांचं काही विणलं नाही. तसं ठरवलं नव्हतं. एका रंगाचे स्वेटर विणत गेली, एवढंच.

आई सहा वर्षांपूर्वी गेली. त्याआधी सात महिने ती अंथरुणाला खिळून होती. त्या सात महिन्यांत शारदा सात वेळा आली, दर खेपेला दोन दिवस, आणि दर खेपेला वासंतीने तिला ऐकवलं की उशी चुकीची लावलीस, औषध चुकीच्या वेळी दिलंस, पेज पातळ केलीस. आठव्या खेपेला शारदाने फोन केला तेव्हा वासंती म्हणाली, "येऊ नकोस. तू आलीस की माझं काम वाढतं." शारदा आली नाही, आणि त्याच आठवड्यात आई गेली.

तेराव्याला माणसं जेवून सुपारी चघळत बसली होती. शारदाने आईच्या कपाटातून दहा नंबरच्या सुया काढल्या आणि पदराने पुसल्या. त्या तिच्याच होत्या. सगळ्यांच्या देखत वासंती म्हणाली, "शेवटी पाणी पाजायला कुणी आलं नाही. सुया न्यायला बरे आलात."

तिने 'आलात' म्हटलं. सख्ख्या धाकट्या बहिणीला. शारदाने सुया कपाटात ठेवल्या, कपाट लावून घेतलं, आणि संध्याकाळच्या गाडीने ती रवींद्रबरोबर, आपल्या नवऱ्याबरोबर, निघून गेली. त्यानंतर दिवाळीला रवींद्रच्या फोनवरून पणतीचं चित्र यायचं आणि वासंती त्याला उलट पणतीचं चित्र पाठवायची. सहा वर्षं दोन्ही घरांत एवढाच व्यवहार होता. आपल्याकडे कुणी येत नाही, असं वासंती शेजारच्या सुमनबाईंना सांगायची, आणि सुमनबाई मान डोलवायच्या. आपण तरी कुठे जाता, हा प्रश्न विचारण्याइतकं धाडस त्या गल्लीत कुणाकडेच नव्हतं.

यंदा नोव्हेंबरातच तलावावरचा वारा बोचू लागला. वासंती स्कूटरने कार्यालयात जायची आणि तिच्या मफलरची टोकं वाऱ्याने सुटून मागे फडफडायची. कार्यालयात नव्याने लागलेली स्वरदा म्हणून एक मुलगी होती, भोपाळातच वाढलेली, जिच्या मराठीतलं प्रत्येक तिसरं वाक्य वासंती दुरुस्त करायची. ती एक दिवस तारेने जोडलेली दोन टोकांची सुई घेऊन आली.

"मॅडम, ये देखो. ह्याच्यावर मफलर गोल गोल विणत जायचं. टोकंच नाहीत, तर उडणार काय? बस डोक्यातून गळ्यात घालायचं."

"आणि शिवण?"

"शिवणच नाही ना! एकदा जोडलं की जोडलं. फक्त जोडताना बघून घ्यायचं, सगळ्या गाठी खाली लटकल्या पाहिजेत. एक पण टाका पलटला ना मॅडम, तर पूर्ण गडबड."

"पूर्ण गोंधळ," वासंती म्हणाली.

"तेच ते."

रविवारी वासंतीने तशीच सुई आणि डाळिंबी व राखाडी लोकरीचे गुंडे आणले. एकशे वीस टाके घातले. पहिली फेरी जोडायच्या वेळी तिने फोन खांद्यावर मानेने दाबून धरला होता, कारण कोपऱ्यावरच्या दिव्याबद्दल तिने तक्रार केंद्राला फोन लावला होता आणि तिथलं संगीत वीस मिनिटं वाजत होतं. शेवटी फोन उचलणाऱ्याला तिने तारीख, खांबाचा क्रमांक आणि मागच्या तीन तक्रारींचे क्रमांक तोंडपाठ सांगितले, आणि त्याच दमात सुईची दोन टोकं जवळ आणून टाके जोडून टाकले. दिवा दुसऱ्या दिवशी लागला.

डाळिंबी पट्टा दहा फेऱ्यांचा झाला. आता राखाडी. तिने राखाडी लोकरीचं टोक शोधून बाहेर काढलं, बोटाला गुंडाळलं, सुई पहिल्या टाक्यात घातली आणि ती तशीच बसून राहिली. हात पुढे जाईना. दुसरा रंग तिने जन्मात विणला नव्हता. सुई पुन्हा काढून घेतली, चहा केला, प्यायली, भांडी विसळली, परत येऊन बसली. तरी जमेना. बोटाला वळ पडेपर्यंत तिने लोकर धरून ठेवली होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने सुईच्या दोन्ही टोकांना रबर लावले, विणकाम राखाडी गुंड्यासकट एका खोक्यात घातलं आणि पोस्टात जाऊन नागपूरचा पत्ता लिहिला. आत चिठ्ठी घालावी म्हणून कागद घेतला होता. मुद्देसूद पत्रं लिहून ज्या बाईने अर्धं शहर जेरीस आणलं होतं, तिला त्या कागदावर एक ओळ सुचली नाही. कागद तिने परत पर्समध्ये टाकला.

पुढचे अकरा दिवस ती कार्यालयातून सरळ घरी येत राहिली. वाटेत भाजी घ्यायचीही थांबायची नाही. फाटकाला अडकवलेली पत्र्याची पेटी उघडायची, वीजबिल आणि विम्याची जाहिरात काढायची, मग उगाचच पेटीच्या तळाशी हात फिरवायची, जणू खोकं तिथे चपटं होऊन पडलं असेल. पाठवलं हाच मूर्खपणा झाला, असं तिने स्वतःला निरनिराळ्या शब्दांत समजावलं. शारदाने ते न उघडताच माळ्यावर टाकलं असेल. किंवा मोलकरणीला दिलं असेल. किंवा रवींद्रला दाखवून म्हणाली असेल, बघा, लोकरसुद्धा स्वस्तातली. रोज नवं काहीतरी. आणि रोज साडेपाच वाजता पेटीच्या तळाशी हात.

बाराव्या दिवशी खोकं आलं. वर 'श्रीमती वासंती देवपुजारी' असं परक्यासारखं लिहिलेलं. आत राखाडी पट्टा. दहा फेऱ्या, सैल, मऊ, फुगीर. चिठ्ठी नव्हती. वासंतीने तो पट्टा गालाला लावला. त्याला निलगिरीच्या तेलाचा वास होता. शारदाला थंडीत सर्दी व्हायची, लहानपणापासून. एका जागी निळ्या दोऱ्याची बारीक गाठ होती. फेरीची खूण असेल, असं समजून वासंतीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने त्याच संध्याकाळी दुसरा डाळिंबी पट्टा सुरू केला आणि तिच्या ध्यानात आलं की आपण मुद्दाम हळू विणतो आहोत.

असे तीन वेळा खोकं गेलं आणि तीन वेळा आलं. डिसेंबर सरला. एकच सुई दोघींना, त्यामुळे जुना दोष उघडा पडला होता: डाळिंबी पट्टे आवळलेले, राखाडी सुटलेले, आणि एकूण आकार मडक्यांच्या उतरंडीसारखा दिसत होता. वासंतीला त्याची पर्वा नव्हती. ती राखाडी पट्टे वाचायची. दुसऱ्या पट्ट्यात मधल्या दोन फेऱ्या एकदम घट्ट होत्या. त्या दिवशी शारदाचं कुणाशी तरी बिनसलं असावं. तिसऱ्यात एक टाका सुटून पुन्हा उचललेला होता; डोळे मधेच पाणावले असतील, किंवा दूध उतू गेलं असेल. तिसऱ्या खोक्यावर 'श्रीमती' खोडून शारदाने 'कु.' लिहिलं होतं. सत्तावन्न वर्षांच्या बहिणीला 'कु.' म्हणून चिडवण्याचा हक्क जगात एकाच माणसाला होता, आणि त्याने तो सहा वर्षांनी पुन्हा बजावला होता. वासंती दारात उभी राहून एकटीच हसली. शारदाने यावं, या घरात यावं, पलंगाच्या त्या बाजूला पाय वर घेऊन बसावं आणि काहीही बडबडावं, एवढंच तिला हवं होतं, आणि हे तिला इतक्या दिवसांत प्रथमच स्वतःशी कबूल करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती विणकाम कार्यालयात घेऊन गेली. स्वरदाने ते टेबलावर पसरलं, कडेवरून बोट फिरवत नेलं आणि मधेच थांबली.

"मॅडम, एक बात बोलू? तुम्ही गुस्सा तर नाही होणार ना?"

"रागावणार. बोल."

"ह्याच्यात पीळ आहे. हे बघा, बोट खालच्या कडेवरून निघालं आणि सुईला पूर्ण वेढा घालून परत आलं. पहिल्या फेरीतच पलटलेलं आहे. सुरुवातीला कळत नाही, ही वीण तशीही गुंडाळते."

वासंतीने स्वतः बोट फिरवून पाहिलं. मग उलट दिशेने फिरवलं. चूक होती, पहिल्या दिवसाची होती आणि तिचीच होती. वाटून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"सरळ करता येईल?"

"नाही ना मॅडम. पूर्ण उसवावं लागेल. पण राहू द्या की! आजकाल लोक जानबूझकर असं विणतात. फॅशन आहे."

चुकीला फॅशन म्हणून खपवणाऱ्या काळाबद्दल वासंतीपाशी एरवी बोलायला पुष्कळ होतं. त्या दिवशी ती पुन्हा कडेवरून बोट फिरवू लागली.

स्वरदा पुढे म्हणाली, "आणि ज्यांनी ग्रे विणलं ना, त्यांना पक्का कळलं असणार. बघा, बरोबर पिळाच्या जागी निळा धागा बांधलाय. तिन्ही वेळा."

लीलावतीबाईंचा एक नियम होता. बहिणीच्या विणकामात चूक दिसली तर ओरडायचं नाही, हिणवायचं नाही. त्या जागी निळा दोरा बांधायचा आणि गप्प राहायचं. जिची चूक तिने ती आपण होऊन शोधायची. शारदाचे स्वेटर निळ्या दोऱ्यांनी भरलेले असायचे आणि ते सगळे वासंतीने बांधलेले असायचे. वासंतीच्या विणकामावर कधी कुणी दोरा बांधला नव्हता. म्हणून तो समोर दिसत असूनही तिला तो दिसला नव्हता.

रविवारी दुपारी ती गच्चीत उन्हात बसली आणि शारदाचा क्रमांक काढला. फोन तीनदा वाजला.

"हं, ताई." जणू सकाळीच बोलणं झालं होतं.

"पीळ पडलाय," वासंती म्हणाली.

"माहीत आहे."

"पहिल्यापासून?"

"खोकं उघडलं तेव्हाच. दोरा बांधला होता की."

"मला वाटलं, फेऱ्या मोजायला."

"काहून बाई? आपल्या घरी फेऱ्या मोजायला कुणी दोरा बांधलाय?" शारदा हसली आणि हसता हसता खोकली. "दुसऱ्या खेपेला मोठी गाठ मारली. तिसऱ्या खेपेला दुहेरी दोरा घेतला. रवींद्र म्हणाले, आता घंटा बांध."

"मग फोन का नाही केलास? नुसतं विणत बसलीस?"

"फोन केला असता तर तू उसवलं असतंस. त्याच दिवशी. मग मला पुन्हा काय पाठवलं असतंस?"

गच्चीवर सुमनबाईंच्या पापडांवरचा कपडा वाऱ्याने उडाला. वासंती उठली नाही.

"शारदा, चूक माझी आहे."

"अगं, टाके पलटतात कुणाचेही."

"टाक्यांचं म्हणत नाही. तुला येऊ नकोस असं मीच म्हटलं होतं. आणि तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाले की शेवटी कुणी आलं नाही. खोटं बोलले. सुया तुझ्याच होत्या."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, एक, मग दुसरी. शारदाने गॅस बंद केला असावा. मग ती परत फोनवर आली.

"सहा वर्षं मी हे वाक्य ऐकायला फोनपाशी बसले होते. आता ऐकलं तर वाटतंय, एवढंसं तर होतं." नाक ओढल्याचा आवाज. "एवढंसंही नव्हतं म्हणा."

"ये ना गं," वासंती म्हणाली. तिला ते तसं, भीक मागितल्यासारखं, म्हणायचं नव्हतं.

"कशी येऊ? वीस तारखेला ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मला महिनाभर हलता येणार नाही."

"असू दे मग."

"हे बघ, लगेच 'असू दे'. तू ये की. तुला कुणी पाय बांधून ठेवलंय? तीस वर्षांच्या रजा साठवून त्यांचं लोणचं घालणार आहेस का?"

वासंतीकडे सांगायला कारणं होती. कार्यालयातली तपासणी होती, पाण्याच्या टाकीचं काम अर्धवट होतं. मांडीवरच्या विणकामात ऊन शिरलं होतं, राखाडी पट्ट्यांत जास्त, डाळिंबीत कमी.

"उसवायचं का हे?" तिने विचारलं.

"तू आल्यावर ठरवू. एकटीने हात लावू नकोस."

"सकाळच्या गाडीने येईन. शनिवारी."

"स्टेशनवर मी येते. दिसेन ना तुला? केस सगळे पांढरे झालेत माझे."

"सगळे?"

"सगळे. दोन वर्षं झाली. मी रंगवत नाही."

वासंतीला हे कुणी सांगितलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ती डोळे मिटून बसली आणि फलाटावर उभी असलेली पांढऱ्या केसांची शारदा डोळ्यांपुढे आणू लागली. पण पुन्हा पुन्हा येत होती ती दोन वेण्या घातलेली, सर्दीने नाक लाल झालेली, सुया केव्हा मिळतात म्हणून मांडी पसरून बसलेली.